हिरव्या खुणेवर किती विसंबावें?

गेल्या श्रावणांतील गोष्ट आहे. पेठ येथील एका कचेरींत मी कांहीं कागदांच्या नकला घेण्यासाठीं बसलों होतों. बाहेर पावसाची संततधार लागली होती, आणि ओसरीवर दहाबारा माणसें प्लॅस्टिकचे कागद पांघरून आपापल्या पाळीची वाट पाहत होतीं. त्यांत दूरच्या पाड्यावरून आलेली एक बाई व तिची मुलगी होती. मुलीच्या प्रवेशासाठीं जातीचा दाखला हवा होता आणि मुदतीला चार दिवस उरले होते. त्यांची पाळी आली तेव्हां कारकुनानें संगणकावर त्यांच्या कागदांची फाईल उघडण्याचा यत्न केला. ती उघडेना. दुसरी उघडेना, तिसरीही उघडेना. प्रत्येक फायलीच्या नांवामागें एक अपरिचित शेंपूट लागलेलें होतें, आणि थोड्याच वेळांत पडद्यावर इंग्रजींत खंडणीची मागणी झळकली. बाई म्हणाली, "भाऊसाहेब, परवांही आम्ही येऊन गेलों." कारकून बिचारा काय सांगणार? तो म्हणाला, "मावशी, मशीन बिघडलें आहे. पुढच्या आठवड्यांत या."

शाळेची संगणकखोली मीं पुष्कळ वर्षें सांभाळली आहे हें त्यास ठाऊक असल्यामुळें त्यानें मला आंत बोलावलें. प्रथम आम्ही सर्व यंत्रांच्या जाळ्याच्या तारा उपटून काढल्या. शेजारचा एक संगणक अद्याप शाबूत होता. त्यावर अपडेट्सची पाटी उघडून पाहतों तों तेथें एक टवटवीत हिरवी खूण, आणि तिच्याजवळ ‘आपला संगणक अद्ययावत आहे, शेवटची तपासणी आज सकाळीं’ अशा अर्थाचें वाक्य! त्याच्या वर बारीक अक्षरांत दुसरें एक वाक्य होतें : कांहीं व्यवस्था आपल्या संस्थेच्या हातीं आहेत. मग मीं पूर्वीं चढलेल्या अपडेट्सची यादी काढली. तींतील शेवटची तारीख चौदा महिन्यांपूर्वींची होती.

चौदा महिने त्या यंत्रास एकही दुरुस्ती मिळाली नव्हती, आणि रोज सकाळीं तें आपल्या धन्यास ‘सर्व ठीक आहे’ म्हणून सांगत होतें. तें खोटें बोलत होतें काय? माझ्या मतें नव्हे. आणि यांतच या विषयाची सारी मेख आहे. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस थोडें विस्तारानें सांगावेंसें वाटतें.

संगणकाचा सर्व कारभार चालविणारी जी मूळ प्रणाली, उदाहरणार्थ मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज, ती कोट्यवधि ओळींची मानवी रचना आहे, आणि मानवी रचनेंत चुका राहावयाच्याच. त्या चुका सांपडतील तसतशा कंपनी दुरुस्त करिते व त्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं प्रसृत करिते. आपल्याकडे तोंवर मंगळवारची रात्र झालेली असते, म्हणून त्या बुधवारीं सकाळीं दिसतात. दुरुस्ती प्रसृत झाली म्हणजे भोक कोठें होतें हेंही जगजाहीर होतें. चांगले लोक ती दुरुस्ती लावतात. वाईट लोक ती वाचून, कोणी लावलेली नाहीं याचा शोध घेत फिरतात. तात्पर्य, दुरुस्ती निघाल्यानंतर ती न लावणें हें ती निघण्यापूर्वींच्या स्थितीपेक्षां अधिक धोक्याचें असतें.

घरच्या संगणकाचें ठीक आहे. तो कंपनीस थेट विचारतो व जें मिळेल तें घेतो. कचेरीचा, इस्पितळाचा, बँकेचा संगणक मात्र तसें करीत नाहीं. त्यास ताकीद असते कीं, बाहेर कोणास विचारूं नकोस; आपल्या संस्थेच्या मुख्य यंत्रास विचार. कंपनीकडून येणारीं अपडेट्स त्या मुख्य यंत्राकडे येऊन थांबतात, कोणी जबाबदार मनुष्य तीं तपासून मंजुरी देतो, आणि मंजूर झालीं तेवढींच खालच्या यंत्रांस मिळतात. मायक्रोसॉफ्टची डब्ल्यू. एस. यू. एस. नांवाची जुनी व्यवस्था अशीच आहे. आतां समजा, मंजुरी देणारा मनुष्य बदलून गेला किंवा ज्या ठेकेदाराचा तो नोकर होता त्याचा ठेका संपला. मुख्य यंत्र चालूच राहतें. खालचा संगणक रोज सकाळीं त्यास विचारतो, "मजसाठीं कांहीं आहे काय?" तें म्हणतें, "मंजूर झालेलें कांहीं नाहीं." आणि संगणक प्रामाणिकपणें हिरवी खूण दाखवितो. आमच्या कचेरींत अक्षरशः हेंच घडलें होतें. ठेका चौदा महिन्यांपूर्वीं संपला होता.

अपडेट्स हरवण्याच्या वाटा एवढ्याच नाहींत. मोठीं अपडेट्स पुढें ढकलण्याची मुभा संस्थेस असते, व ती मर्यादा तीनशें पांसष्ट दिवसांपर्यंत जाते. कोणी एकदां ढकलून ठेवतो आणि विसरतो. कोठें अपडेट चढविण्याची वेळ रात्रीं तीनची नेमलेली असते व आपल्याकडे कारकून सायंकाळीं मुख्य बटणच बंद करून घरीं जातो, तें योग्यही असतें, कारण रात्रीं वीज केव्हां जाईल व केव्हां येईल याचा नेम नसतो. ऑगस्ट २०२५ मध्यें तर विंडोज ११ चें त्या महिन्याचें अपडेट संस्थेच्या मार्गानें घेऊं पाहणाऱ्या पुष्कळ यंत्रांवर चढेचना. थेट मार्गानें मात्र तेंच चढत होतें. कंपनीनें चूक कबूल केली व थोड्याच दिवसांत सुधारली. पुढें हेंही ध्यानांत ठेवावें कीं, सप्टेंबर २०२४ मध्येंच कंपनीनें जाहीर केलें आहे कीं डब्ल्यू. एस. यू. एस. मध्यें यापुढें नवें कांहीं घालणार नाहीं. ही व्यवस्था अजून चालते, पण म्हातारी झाली आहे.

एक प्रमाद माझ्या स्वतःच्या हातून घडलेला आहे. तो सांगण्यास लाज वाटते, पण विद्यार्थ्यांस त्यांत गंमत वाटेल. संगणकखोलींत नवीं यंत्रें आलीं तेव्हां श्रम वांचविण्यासाठीं मीं एक यंत्र नीट सिद्ध केलें व त्याची हुबेहूब नक्कल बाकीच्यांवर उतरविली. प्रत्येक यंत्रास मुख्य यंत्राकडे नोंदण्यासाठीं एक ओळखक्रमांक असतो. नकलेबरोबर तोही सर्वांवर उतरला. परिणाम असा झाला कीं मुख्य यंत्राच्या हजेरीपटावर सारी खोली मिळून एकच यंत्र दिसूं लागलें. वर्गांतील सर्व मुलांचें एकच नांव ठेवलें तर मास्तरांची जी स्थिति होईल, तीच त्या यंत्राची झाली : एकानें ‘हजर’ म्हटलें कीं सारा वर्ग हजर! कित्येक महिने मी समजत होतों कीं माझ्या खोलींत सर्व आलबेल आहे. एका जिज्ञासु मुलीनें यंत्रें मोजलीं आणि यादी मोजली, तेव्हां उलगडा झाला.

आतां कोणी म्हणेल, एका तालुक्याच्या कचेरींतील चार यंत्रांची कथा ती काय? म्हणून मोठ्या घरचें उदाहरण घेऊं. तारीख १४ मार्च २०१७ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजमधील एका मोठ्या भगदाडाची दुरुस्ती प्रसृत केली. तारीख १२ मे रोजीं, म्हणजे पुरते दोन महिनेही झाले नव्हते तोंच, ‘वॉनाक्राय’ नांवाचा खंडणीखोर किडा त्याच भगदाडांतून शिरून सुमारे दीडशें देशांत पसरला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेस त्याचा फार मोठा तडाखा बसला. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कचेरीनें त्याच वर्षीं ऑक्टोबरांत अहवाल दिला. इंग्लंडांतील २३६ आरोग्यसंस्थांपैकीं निदान ८१ बाधित झाल्या होत्या, आणि एकोणीस हजारांवर रुग्णांच्या नेमलेल्या भेटी रद्द झाल्या असाव्या असा अंदाज त्यांत आहे. बहुतेक बाधित यंत्रें फार जुन्या प्रणालीचीं नव्हतीं. तीं विंडोज ७ चीं, म्हणजे त्या वेळीं दुरुस्ती मिळत असलेलीं होतीं. दुरुस्ती तयार होती, ती लावा अशी सूचना मार्च व एप्रिलमध्यें वरून धाडलेली होती. परंतु सूचनेप्रमाणें कोणी केलें व कोणी केलें नाहीं, हें पाहण्याची रीतसर व्यवस्थाच वरच्या खात्याकडे नव्हती. पत्र धाडलें कीं काम झालें, ही समजूत केवळ आपल्याकडचीच आहे असें नाहीं, हें वाचून मला थोडें समाधान व पुष्कळ दुःख झालें.

यानंतर सुमारे दीड महिन्यानें, तारीख २७ जून २०१७ रोजीं, संकट आपल्या महाराष्ट्राच्या दारांत आलें. युक्रेन देशांत हिशेब व कर यांच्या कामीं वापरण्यांत येणाऱ्या एका प्रोग्रामच्या अपडेटमध्येंच शत्रूनें विष कालविलें होतें. त्यास पुढें ‘नॉटपेट्या’ हें नांव पडलें. डेन्मार्कच्या मायर्स्क या जहाज-कंपनीच्या जाळ्यांत तें शिरलें आणि कांहीं तासांत जगभर पसरलें. आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील एक धक्का, गेटवे टर्मिनल्स इंडिया, मायर्स्कच्याच मंडळीकडे चालविण्यास आहे. तेथील संगणक बंद पडले व पेट्यांची चढउतार अडून राहिली. कोणती पेटी कोठें आहे व कोणाची आहे हें सांगणारें यंत्रच मुकें झाल्यावर क्रेन काय उचलणार? आमच्या नाशिक जिल्ह्याचीं द्राक्षें व कांदा परदेशीं जातो तो बहुतांशीं याच बंदरांतून, हें येथें सांगितलें म्हणजे हा प्रश्न दूरचा नाहीं हें पटेल.

मायर्स्कला पुढें सुमारे दहा दिवसांत चार हजार मुख्य यंत्रें व पंचेचाळीस हजार संगणक नव्यानें उभारावे लागले, असें तिच्या अध्यक्षांनींच जानेवारी २०१८ मध्यें सांगितलें. तोटा पंचवीस ते तीस कोटि डॉलरांच्या घरांत गेला. यांतील एक प्रसंग पेठकरांस विशेष आवडेल. कंपनीच्या सर्व यंत्रांची व वापरणारांची जी मूळ नोंदवही, तिच्या जगभरच्या सर्व प्रती नष्ट झाल्या. वांचली ती एक, आफ्रिकेंतील घाना देशच्या कचेरींतील. कां वांचली? त्या वेळीं तेथील वीज गेली होती! वीज गेल्याबद्दल कोणी आभार मानल्याचें हें मला ठाऊक असलेलें एकच उदाहरण आहे.

नॉटपेट्याचा आणखी एक गुण असा होता कीं, तो जुन्या भगदाडांतून एका यंत्रांत शिरे, तेथें सांपडतील ते परवलीचे शब्द चोरी, आणि त्यांच्या बळावर शेजारच्या, दुरुस्ती लावलेल्या यंत्रांतही प्रवेश करी. आमच्या डोंगरउतारावरचीं भाताचीं खाचरें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. वरच्या एका खाचराचा बांध खचला तर खालच्या शेतकऱ्यानें आपला बांध कितीही चोपून घातलेला असो, लोंढा त्याच्याही रोपांवरून जातो. म्हणून ‘माझें यंत्र ठीक आहे, दुसऱ्याचें तो पाहील’ हें म्हणणें येथें चालत नाहीं.

कारखानदार स्वतःच दुरुस्ती देणें थांबवितो तेव्हां तर शांतता फारच फसवी असते. विंडोज एक्सपीची दुरुस्ती एप्रिल २०१४ मध्यें बंद झाली. आपल्या बँकांचीं अनेक ए. टी. एम. यंत्रें त्यानंतरही त्याच प्रणालीवर चालत राहिलीं, आणि शेवटीं जून २०१८ मध्यें रिझर्व्ह बँकेस मुदती घालून द्याव्या लागल्या : सर्व यंत्रें जून २०१९ पर्यंत बदललीं पाहिजेत. विंडोज १० ची सर्वसाधारण दुरुस्ती तारीख १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. वाढीव मुदतीची नोंदणी करून घेतलेल्या यंत्रांस ती अजून मिळते, बाकीच्यांस नाहीं. अशीं किती यंत्रें आपल्या तालुक्यांत टेबलांवर बसून मुकाट्यानें काम करीत असतील, हें ज्याचें त्यानें आपल्या कचेरींत पाहावें.

आतां दुसरी बाजू. अपडेट अडवून ठेवणारा प्रत्येक मनुष्य आळशी असतो असें मुळींच नव्हे. तारीख १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक नांवाच्या संरक्षक कंपनीची एक सदोष फाईल जगभर एकदम धाडली गेली व सुमारे पंच्याऐंशी लाख विंडोज यंत्रें निळा पडदा दाखवून आडवीं झालीं. त्या दिवशीं आपल्या देशांतील विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेले पास द्यावे लागले. वर सांगितलेलें नॉटपेट्याचें विषही एका अपडेटमधूनच आलें होतें. तेव्हां ‘येईल तें अपडेट डोळे मिटून घ्या’ असा उपदेश मी करणार नाहीं. इस्पितळांतील क्ष-किरणांच्या यंत्रास जोडलेला संगणक एका नव्या अपडेटनें बंद पडला तर डॉक्टरांनीं कोणाच्या नांवानें ओरडावें? प्रथम दोनचार यंत्रांवर चढवावें, कांहीं दिवस पाहावें, मग सर्वांस द्यावें, ही चाल शहाणपणाची आहे, आणि मधलें मंजुरीचें ठाणें याच हेतूनें निर्माण झालें आहे. माझी तक्रार ठाण्याबद्दल नाहीं. ठाण्यावर माणूस नसण्याबद्दल आहे. फाटक बंद ठेवून फाटकवाला निघून गेला तर गाडी सुरक्षित राहिली असें कोणी म्हणत नाहीं.

कारकुनाला मीं विचारलें, "हीं अपडेट्स कोण पाहतो?" तो म्हणाला, "वरून येतात." वर विचारलें तर उत्तर आलें, "ठेकेदार पाहतो." ठेकेदार म्हणाला, "आमची मुदत संपली." तिघेही खरें बोलत होते. कारकुनास तें बटण दाबण्याचा अधिकारच नव्हता. तो काढून घेतलेला होता, आणि तो काढून घेणें एका अर्थीं योग्यही होतें. परंतु माझें स्पष्ट मत असें आहे कीं, ज्यानें दुसऱ्याच्या हातचा अधिकार काढून घेतला त्याच्या शिरावर त्याबरोबरचें कर्तव्यही येऊन पडलें. मुलाच्या हातची कोयती बापानें काढून घेतली तर लांकडें बापानेंच फोडलीं पाहिजेत.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ या कायद्यानें प्रत्येक सरकारी कचेरीच्या भिंतीवर एक फलक आला : सेवा कोणती, ती किती दिवसांत मिळेल, जबाबदार अधिकारी कोण, आणि न मिळाल्यास अपील कोणाकडे. ही फार चांगली गोष्ट झाली. लोक तो फलक वाचूं लागले आहेत, निदान वाचूं शकणारीं मुलें आपल्या आईबापांस वाचून दाखवूं लागलीं आहेत. पण ज्या यंत्रावर ही सेवा अवलंबून, त्याचा रखवालदार कोण, हें त्या फलकावर कोठेंच नसतें. तेंही असावें असें मला वाटतें. फार मोठा खर्च नाहीं. एक ओळ वाढवावयाची : या कचेरीच्या संगणकांचीं अपडेट्स अमुक हुद्द्याचा मनुष्य मंजूर करितो, व शेवटची मंजुरी अमुक तारखेची. ठेका देतांना त्याच्या शेवटच्या दिवशीं हा अधिकार कोणाकडे जाईल, हें करारांतच लिहावें. आणि मुख्य यंत्राच्या यादीवर न विसंबतां वर्षांतून दोनदां कोणी तरी खोलींत जाऊन बोटानें यंत्रें मोजावीं. हा शेवटचा मुद्दा मी अनुभवानें सांगतों.

खंडणीच्या हल्ल्याची वर्दी सहा तासांच्या आंत केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेस द्यावी, असा एप्रिल २०२२ चा आदेश आहे. हें त्या कारकुनास माहीत नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर तेथील कोणासही माहीत नव्हतें. मींच त्यांस तो आदेश काढून दाखविला.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांतील पुष्कळजण उद्यां कोठें परिचारिका, कोठें कारकून, कोठें बँकेंत, कोठें शिक्षक व्हाल. तुमच्या टेबलावर संस्थेच्या हातचा संगणक असेल. त्यावरचे कुलूपबंद पर्याय फोडण्याचा यत्न करूं नका. तो तुमचा अधिकार नव्हे. पण अपडेट्सच्या पाटीवर शेवटची तारीख वाचण्यास कोणाची बंदी नाहीं. ती दोन महिन्यांहून जुनी असली तर आपल्या वरिष्ठांस नम्रपणें, परंतु लेखी, विचारा. आणि त्या पत्राची प्रत आपल्यापाशीं ठेवा. पालकांनींही मुलें अशा गोष्टी विचारूं लागलीं तर ‘तुला काय करावयाचें आहे’ म्हणून त्यांस गप्प करूं नये. माझी चूक मोजून काढणारी मुलगी आठवींत होती.

त्या बाईचें काय झालें, असें वाचक विचारतील. तिच्या कागदांच्या मूळ प्रती घरीं पत्र्याच्या पेटींत होत्या. ती दुसऱ्या दिवशीं पहांटेच्या एस. टी. नें त्या घेऊन आली, दुसऱ्या ठिकाणाहून नव्यानें अर्ज भरला गेला, आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशीं दाखला हातीं पडला. तिच्या तीन दिवसांच्या मजुरीची भरपाई कोणीही केली नाहीं. ज्यांच्या प्रती कचेरींतच होत्या अशा कांहीं लोकांस पुन्हां आरंभापासून खेटे घालावे लागले.

कचेरींत आतां नवी व्यवस्था झाली आहे. कारकुनानें आपल्या खर्चानें एक दोनशें पानी वही आणली असून दुसऱ्या मंगळवारनंतरच्या प्रत्येक बुधवारीं तो तींत प्रत्येक यंत्राची तारीख लिहितो. मीं गेल्या महिन्यांत ती पाहिली. अक्षर सुरेख आहे व एकही बुधवार चुकलेला नाहीं. तिला चार रकाने आहेत : यंत्राचा क्रमांक, तपासणीची तारीख, शेवटच्या अपडेटची तारीख, आणि मंजुरी देणाराचें नांव. चौथा रकाना अद्याप कोरा आहे.